पळणाऱ्या पट्ट्या आणि १९९६ चा कुणीच न मोजलेला आकडा

आमच्या घरच्या ग्रुपवर मध्यंतरी एक व्हिडिओ फिरत होता. राज्यांची लोकसंख्या दाखवणाऱ्या आडव्या रंगीत पट्ट्या, कोपऱ्यात भराभर बदलणारं साल आणि मागे युद्धावर निघाल्यासारखं संगीत. उत्तर प्रदेश सगळ्यात वर ठाण मांडून बसलेला, त्याच्याखाली महाराष्ट्र, आणि तळातून बिहारची पट्टी एकेकाला मागे टाकत वर सरकते. कुणी अंगठा टाकला, कुणी डोळे विस्फारलेला चेहरा. आत्याने मात्र थेट मला फोन लावला. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायची, आणि १९९१ च्या जनगणनेला प्रगणक म्हणून तिने दारोदार फिरून माणसं मोजली आहेत.

"अगं, यात शहाण्णव साली बिहार बंगालच्या पुढे गेलेला दाखवलाय. आम्ही एक्याण्णवला मोजलं, मग थेट दोन हजार एकला मोजलं. शहाण्णवला कुणी मोजलं?"

आणि मी उत्तर जुळवतेय तोवर दुसरा प्रश्न: "आणि या पट्ट्या पळवतात कशा? कुणी बसून एकेक काढतं का?"

गंमत म्हणजे दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. पट्ट्या पळवणारा कोडच मधले आकडे तयार करतो. ते तयार केले नाहीत तर पट्ट्या पळणारच नाहीत. कसं, ते सांगते. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेसाठी सरकारने १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरवली आहे. ते आकडे जाहीर झाले की असल्या व्हिडिओंचा पूर येणार, तेव्हा आतलं यंत्र एकदा उघडून बघितलेलं बरं.

आधी न हलणारी पट्टी

आलेखवहीवर स्तंभालेख काढताना वर उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहायचो: १ सेमी = १ कोटी. मग ७.८९ कोटींसाठी जवळपास ७.९ सेमीचा स्तंभ. संगणक हेच करतो, फक्त सेंटीमीटरऐवजी पिक्सेलमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या सगळ्यात बारीक ठिपक्यांमध्ये. समजा पट्ट्यांसाठी ६०० पिक्सेल रुंद जागा आहे. १९९१ चा सगळ्यात मोठा आकडा उत्तर प्रदेशचा, १३.२१ कोटी (आजचं उत्तराखंड वगळून, या सीमांची भानगड पुढे येईलच). त्याला पूर्ण ६०० पिक्सेल दिले, तर महाराष्ट्राच्या ७.८९ कोटींना सुमारे ३५९ मिळतात. त्रैराशिक, दुसरं काही नाही.

ही पट्टी जन्माला आली तीच मुळात काळ दाखवता येईना म्हणून. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली इंग्लंडच्या व्यापाराच्या आलेखांचं पुस्तक काढलं. त्यातले बाकीचे आलेख वर्षानुवर्षांच्या चढउताराचे, रेषांचे. स्कॉटलंडच्या व्यापाराची माहिती मात्र त्याच्याकडे एकाच वर्षाची होती. एका वर्षाची रेषा काढणार कशी? म्हणून त्याने १७ ठिकाणांशी झालेली आयात-निर्यात पट्ट्यांनी दाखवली, आणि यात काळ नाही म्हणून हा आलेख कमी उपयोगाचा, असं स्वतःच नोंदवून ठेवलं. आज आपण त्याच पट्टीला सालांच्या मागे धावायला लावतोय.

दोन जनगणनांमधली १२० चित्रं

लहानपणी वहीच्या कोपऱ्यांवर माणूस काढून पानं फडफडवली असतील. प्रत्येक पानावर हात थोडा वर; पानं झरझर सोडली की तो हात हलवतो. पडद्यावर हेच चालतं. बहुतेक पडद्यांवर चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगतं, म्हणजे एका चित्राला १७ मिलिसेकंदही मिळत नाहीत.

आता १९९१ ते २००१ हा काळ दोन सेकंदांत दाखवायचा म्हटलं, तर १२० चित्रं लागतील. माझ्याकडे आकडे मात्र दोनच: पहिल्या चित्राआधीचा आणि शेवटच्या चित्राचा. पश्चिम बंगाल ६.८१ कोटींवरून ८.०२ कोटींवर गेलं. बिहार, आजच्या सीमांनुसार, ६.४५ वरून ८.३० वर. मधल्या ११९ चित्रांसाठी आकडे कुठून आणायचे?

कोडमध्ये त्यासाठी एक ओळ असते. मराठीत वाचली तर अशी: जुना आकडा, अधिक नव्या-जुन्यातला फरक गुणिले किती वेळ सरला त्याचा अंश. साठाव्या चित्रात अर्धा वेळ सरलेला असतो, म्हणून अर्धा फरक मिळवायचा. याला इंटरपोलेशन म्हणतात. मी पुढे 'मधले आकडे भरणं' एवढंच म्हणेन. बंगालची वाढ १२० तुकड्यांत वाटली की दर चित्रामागे साधारण एक लाख माणसं पडतात. बिहारच्या वाट्याला दर चित्रामागे दीड लाखाच्या वर. सेकंदाच्या साठाव्या भागात एक लाख माणसं! पट्टी तेवढ्या वेळात अर्धा पिक्सेलही हलत नाही, म्हणून आपल्याला ती सलग सरकल्यासारखी वाटते.

जनगणनेचे पूर्ण आकडे घेऊन मी हा हिशेब कागदावर केला. ६६ व्या चित्रात बंगाल पुढे आहे, ६७ व्यात बिहार. कॅलेंडरवर बसवलं तर ती वेळ येते सप्टेंबर १९९६ ची अखेर. आत्याने पाहिलेलं 'शहाण्णव' हेच. ते पाटण्यातही कुणी मोजलं नाही आणि कोलकात्यातही नाही. ते भागाकारातून आलं.

आत्याला हे पटवायला फार वेळ लागला नाही, कारण तिने स्वतःच पुढचा प्रश्न विचारला: "पण हे सरळव्याज झालं. लोकसंख्या चक्रवाढीने वाढते ना?" बरोबर. मग चक्रवाढीने मधले आकडे भरून पाहिले. दोन्ही टोकांना तेच अधिकृत आकडे, फक्त मधला रस्ता वेगळा. बिहार आता बंगालला गाठतो मार्च १९९७ च्या शेवटी. सहा महिने इकडचे तिकडे झाले, आणि साल बदललं! व्हिडिओत मात्र दोन्ही तितकेच ठाम दिसतात, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत फिरणाऱ्या मीटरसकट.

पंगत आणि वाढपी

लांबी बदलणं हा सोपा भाग. अवघड भाग आहे ओळखीचा: नवे आकडे आले की कुठली पट्टी कुणाची, हे संगणकाला कळावं कसं?

लग्नातली पंगत डोळ्यांसमोर आणा. एका वेळी तीन प्रकारची माणसं असतात. काही नव्याने येऊन बसतायत, त्यांना पान मांडायचं. काही बसलेलीच आहेत, त्यांच्या पानात हवं-नको बघायचं. काही जेवून उठतायत, त्यांचं पान उचलायचं. आलेख हलवणारा कोड दर वेळी हीच तीन कामं करतो. डी-थ्री नावाच्या कोडसंचात या तिघांची नावंच एंटर, अपडेट आणि एक्झिट अशी आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठात माइक बोस्टॉक, जेफ्री हीर आणि वादिम ओगिएवेत्स्की या तिघांनी तो २०११ साली पुढे आणला, आणि ब्राउझरमधल्या हलत्या आलेखांवर त्याची छाप आजही दिसते. पहिल्या दहा राज्यांचाच आलेख असेल, तर अकरावं राज्य दहावं झालं की त्याची पट्टी खालून आत येते, हा एंटर. जे बाहेर गेलं ते विरत जातं, हा एक्झिट. उरलेल्यांची लांबी आणि जागा बदलते.

आता वाढप्याचं बघा. एक वाढपी लक्षात ठेवतो, 'तिसऱ्या पानाला जिलबी नको'. दुसरा लक्षात ठेवतो, 'नानांना जिलबी नको'. नाना जागेवर आहेत तोवर दोघेही बरोबर. पण नाना उठून पाचव्या पानावर जाऊन बसले, की पहिल्या वाढप्याचा घोळ होतो: तिसऱ्या पानावर आलेल्या बिचाऱ्या पोराला जिलबी मिळत नाही आणि नानांच्या पानात चार पडतात. कोडला तुम्ही काही सांगितलं नाही, तर तो पहिल्या वाढप्यासारखा वागतो: पहिला आकडा पहिल्या पट्टीला, दुसरा दुसरीला. नावाने ओळखायला वेगळं सांगावं लागतं. त्या सांगण्याला 'की' म्हणतात, म्हणजे इंग्रजीतली किल्ली.

हे मी पहिल्यांदा विसरले होते, आणि काय झालं ते अजून डोळ्यांसमोर आहे. सगळ्या पट्ट्या जागच्या जागी. तिसरी पट्टी थोडी लांबली आणि तिच्यावरचं 'पश्चिम बंगाल' हे नाव क्षणात 'बिहार' झालं. कुणी कुणाला ओलांडलं नाही, कुणी वर चढलं नाही. दुकान तेच, पाटी बदलली. आकडे शंभर टक्के बरोबर होते. मी तासभर आकड्यांतच चूक शोधत बसले.

की दिली तरी सुटका नसते. संगणकाला नाव म्हणजे अक्षरांचा शब्दशः तोच क्रम लागतो. एका जनगणनेच्या फायलीत 'ओरिसा' आणि पुढच्या फायलीत 'ओडिशा' असेल, तर त्याच्या लेखी एक राज्य बुडालं आणि दुसरं त्याच क्षणी जन्मलं. 'प. बंगाल' आणि 'पश्चिम बंगाल' यांचंही तेच. आलेख हलवण्याच्या कामात निम्मा वेळ असल्या नावांच्या धुण्यात जातो, आणि व्हिडिओत त्याचा मागमूसही दिसत नाही.

लोकल सुटते तशी

लोकल स्टेशनातून एकदम भरधाव सुटत नाही. हळू निघते, वेग घेते, पुढचं स्टेशन आलं की मंदावते. पट्ट्यांनाही अशी चाल देता येते. तिला ईझिंग म्हणतात, आणि काही वेगळं सांगितलं नाही तर डी-थ्री हीच चाल लावतो, पाव सेकंदात. बटण दाबलं आणि एकदाच बदल झाला, अशा ठिकाणी ती डोळ्याला सुखावते.

साल धावत असेल तिथे मात्र ही चाल बाधते. प्रत्येक जनगणनेपाशी पट्ट्या मंदावतात, पुन्हा सुटतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की १९९१ आणि २००१ ला वाढ खरंच थांबली होती. काळ दाखवताना चाल एकसारखी हवी.

महाराष्ट्र वाढला, मग पट्टी आखूड कशी?

शाळेत प्रमाण एकदा लिहिलं की आलेखभर तेच. बहुतेक पळत्या पट्ट्यांमध्ये प्रमाण दर चित्राला बदलतं. पहिला नंबर नेहमी पूर्ण जागा व्यापणार, आणि बाकीचे त्याच्या तुलनेत.

हिशेब करून बघू. १९९१ ला महाराष्ट्राची पट्टी सुमारे ३५९ पिक्सेल होती. २०११ ला उत्तर प्रदेश १९.९८ कोटी झाला, आणि ६०० पिक्सेल त्याच्याकडेच राहिले. महाराष्ट्र ११.२४ कोटी. त्याची पट्टी? ३३७ पिक्सेल. वीस वर्षांत सव्वातीन कोटींहून जास्त माणसं वाढली आणि पट्टी वीसेक पिक्सेलनी आकसली! उत्तर प्रदेश साडेसहा कोटींहून जास्त वाढला, त्याची पट्टी जागची हललीच नाही. खाली अक्षावरचे आकडे डावीकडे सरकत असतात, पण पळत्या पट्ट्या बघताना अक्षाकडे कोण बघतं?

याला लबाडी म्हणता येणार नाही. पडद्याला रुंदी तेवढीच असते, आणि तुलना दाखवायची तर हा एक रास्त मार्ग आहे. दुसरा मार्ग म्हणजे प्रमाण शेवटच्या सर्वात मोठ्या आकड्यावर आधीच बांधून ठेवायचं. मग १९९१ चा उत्तर प्रदेश ३९७ पिक्सेलपासून सुरू होऊन ६०० पर्यंत खराखुरा वाढताना दिसतो, आणि महाराष्ट्र २३७ वरून ३३७ वर जातो. मला स्वतःला लोकसंख्येसाठी हेच आवडतं. मात्र सुरुवातीचा आकडा शेवटच्याच्या शंभराव्या हिश्शाएवढा असेल तर पट्ट्या दिसणारच नाहीत, तिथे बदलतं प्रमाण घ्यावं लागतं. कुठलं घेतलंय हे ओळखायची खूण सोपी: पहिल्या नंबरची पट्टी कडेला चिकटून बसली असेल तर प्रमाण बदलतंय.

बिहार चढला की घसरला?

आता सीमांची भानगड. २००० च्या नोव्हेंबरात बिहारमधून झारखंड, उत्तर प्रदेशातून उत्तराखंड आणि मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं झालं. १९९१ च्या जनगणनेत मोजलेला बिहार अखंड होता: ८.६४ कोटी. महाराष्ट्राच्या ७.८९ कोटींपेक्षा जास्त, म्हणजे देशात दुसरा.

मग दोन व्हिडिओ होऊ शकतात. पहिल्यात त्या-त्या वेळी छापलेले आकडे जसेच्या तसे घेतले. बिहार १९९१ ला दुसरा, २००१ ला ८.३० कोटींवर, म्हणजे तिसरा. त्याची पट्टी घसरते, माणसं कमी होताना दिसतात. दुसऱ्यात सगळे आकडे २०११ च्या जनगणनेवेळच्या सीमांवर आणले. बिहार १९९१ ला महाराष्ट्र, बंगाल आणि तेव्हाच्या आंध्राच्याही खाली, पाचवा; २००१ ला तिसरा. त्याची पट्टी दणादण चढते.

दोन्हींत एकही आकडा खोटा नाही. आणि पहिल्या व्हिडिओतला कोड, दोन टोकांमधले आकडे निमूटपणे भरत, बिहारमधून दर वर्षी तीन-साडेतीन लाख माणसं वजा करत नेतो. प्रत्यक्षात वजाबाकी झाली ती एका दिवशी, कायद्याने, आणि माणसं आपापल्या घरातच होती. असा सीमाबदल येतो तिथे मधले आकडे भरायचे नसतात. पट्टी एकदम तुटू द्यायची आणि तिथे चिठ्ठी लावायची. व्हिडिओ करणाऱ्यांना ते नको असतं, कारण लय मोडते.

"मग सरळ रेषांचा आलेख का काढत नाही?"

हा आक्षेप मी आकड्यांत मुरलेल्या लोकांकडून नेहमी ऐकते, आणि तो बिनतोड आहे. पाच राज्यं, तीन जनगणना: पाच रेषा काढा, कोण कुठे कुणाला छेदतो ते एका नजरेत दिसतं. मागे जायला व्हिडिओ उलटा फिरवावा लागत नाही.

अभ्यासही साधारण हेच सांगतात, पण थोड्या मुरडीने. जेफ्री हीर आणि जॉर्ज रॉबर्टसन यांनी २००७ मध्ये दाखवलं की एक आलेख बदलून दुसरा होताना मधली हालचाल दाखवली, तर लोक कोण कुठे गेलं ते जास्त अचूक सांगतात. पुढच्याच वर्षी रॉबर्टसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षं धावणारे आलेख तपासले. तिथे हालचाल बघणाऱ्यांच्या चुका जास्त झाल्या, आणि तरी लोकांना हालचालच जास्त आवडली. यात मला विसंगती वाटत नाही. एका बदलासाठी डोळा एका वस्तूचा पाठलाग करू शकतो. दहा पट्ट्या वीस वर्षं धावायला लागल्या की डोळा दोन-तीन धरतो आणि बाकीच्या सोडतो. आत्यानेही बिहार धरला होता. महाराष्ट्राची पट्टी आकसली हे तिने पाहिलंच नव्हतं, आणि तिचं गणित माझ्याहून चांगलं आहे.

हान्स रॉस्लिंग या स्वीडिश डॉक्टरने २००६ साली देशांच्या आयुर्मानाचे हलते फुगे दाखवून जगभरच्या श्रोत्यांना खिळवलं, ते फुगे हलत होते एवढ्यामुळेच नाही. तो शेजारी उभा राहून, कुठल्या फुग्याकडे बघायचं ते क्रिकेटच्या समालोचकासारखं ओरडून सांगत होता. समालोचन काढून घेतलं तर उरतात फक्त हलणारे रंग. आपल्या ग्रुपवरच्या व्हिडिओंमध्ये समालोचनाच्या जागी ढोल असतात.

"तयार साधनं आहेत, कोड कशाला?"

खरं आहे. फ्लरिशसारख्या संकेतस्थळावर तक्ता चिकटवला की पाच मिनिटांत पट्ट्या धावतात, आणि हल्ली एआयला सांगितलं तर तो कोडही लिहून देतो. पट्ट्यांची शर्यत नुसती करून बघायची असेल तर तेच करा. पण वर जे जे निर्णय आले (सरळव्याज की चक्रवाढ, प्रमाण बांधलेलं की बदलतं, सीमा कुठल्या) ते साधन तुमच्या वतीने गुपचूप घेऊन टाकतं. कोड स्वतः लिहिला किंवा निदान वाचला, तर हे निर्णय निदान दिसतात.

शिवाय एक खास आपलं दुखणं आहे. पायथॉन या भाषेत आलेख काढणारे बरेच जण मॅटप्लॉटलिब वापरतात. ते एकेक चित्र रंगवतं आणि सगळी चित्रं जोडून व्हिडिओ होतो. त्यात पट्टीवर मराठी नाव लिहायला गेलं की आधी चौकोन उमटतात, कारण त्याच्या मूळच्या फॉन्टमध्ये देवनागरीच नाही. देवनागरी फॉन्ट दिला की चौकोन जातात, पण त्याच्या बऱ्याच आवृत्त्यांच्या नेहमीच्या मांडणीत अक्षरं टाइप केल्याच्या क्रमाने एकापुढे एक बसतात. 'बिहार' मधली पहिली वेलांटी ब च्या आधी दिसायला हवी, ती ब आणि ह च्या मधे जाऊन उभी राहते. 'महाराष्ट्र' मधला ष्ट्र सुटून पाय मोडक्या अक्षरांची रांग होते. ब्राउझरला जोडाक्षरं जुळवायची सवय असते, त्यामुळे डी-थ्रीने काढलेल्या आलेखात तीच नावं सरळ येतात. मराठीत हलता आलेख करायचा असेल तर मी डोळे झाकून ब्राउझरचा रस्ता सांगते.

आकडे थांबतच नसतील तर

जनगणनेचे आकडे निवांत बसून असतात. मतमोजणीच्या दिवशी तसं नसतं. एका पक्षाची पट्टी ४० वरून ४३ कडे सरकते आहे, आणि ती पोचायच्या आत ४१ चा नवा आकडा येऊन थडकतो. साधा कोड असेल तर पट्टी ४३ पर्यंत जाऊन मग परत फिरते, किंवा झटका देऊन उडी मारते. नीट लिहिलेल्या कोडमध्ये जुनी हालचाल जिथे असेल तिथे तुटते आणि नवी तिथूनच सुरू होते. डी-थ्रीमध्ये ते आपोआप घडतं. अशा ठिकाणी हालचाल पाव-अर्ध्या सेकंदाची ठेवावी. तीन सेकंदांची ठेवली तर पडद्यावर सदा न् कदा असेच आकडे राहतील जे कुठल्याच फेरीत जाहीर झाले नव्हते.

आत्याची आवृत्ती

एवढं सगळं फोनवर सांगून झाल्यावर आत्या म्हणाली, "मग तूच करून दे ना नीट."

केलं. प्रमाण २०११ च्या आकड्यावर बांधलं. सीमा आजच्या, तसं वर लिहिलं. पट्ट्या जनगणनेच्या वर्षी भरीव रंगात, मधल्या काळात फिक्या, आणि फिक्या असताना टोकावरचा आकडा दिसतच नाही. मोजला नाही तर लिहायचा नाही. प्रत्येक जनगणनेला आलेख थांबतो आणि पुढे जायला बोट लावावं लागतं.

पाठवला, तर तिच्या फोनवर काहीच हलेना. मग लक्षात आलं: आत्याला चक्कर येण्याचा त्रास आहे, म्हणून तिच्या मुलाने फोनच्या सेटिंगमध्ये सगळी ॲनिमेशन बंद केली होती. ब्राउझर ही इच्छा कोडपर्यंत पोचवतो, आणि मी कोडमध्ये ती पाळायला सांगितलं होतं: हालचाल नको असेल तर पट्ट्या थेट पुढच्या जनगणनेच्या जागी दाखव. म्हणजे तिला पळणाऱ्या पट्ट्या दिसल्याच नाहीत. दिसले ते तीन स्थिर आलेख, १९९१, २००१, २०११.

तिला तेच बरं वाटलं. १९९१ वर ती बराच वेळ थांबली असावी, कारण मग तिने विचारलं, "यात माझी वाडी कुठे?" त्या फेब्रुवारीत तिच्या वाट्याला शे-सव्वाशे घरं आली होती, सहाशेच्या आसपास माणसं. मी हिशेब केला. तिच्या आलेखात एक पिक्सेल म्हणजे ३ लाख ३३ हजार माणसं. तिची वाडी एका ठिपक्याचा साडेपाचशेवा भाग भरते.

"म्हणजे दिसत नाही."

"नाही."

"पण आहे," आत्या म्हणाली, आणि वाडीच्या टोकाला कुत्रं कुणाचं होतं ते सांगायला लागली.